आप्पा म्हणतात, "मग तू आता पाहुणी"

कॅनडातल्या कॅलगरीहून एका ताईंचं पत्र आलंय. मूळच्या तासगाव तालुक्यातल्या. पत्र मोठं आहे. ओळख पटेल असा मजकूर वगळून त्यांच्याच शब्दांत थोडक्यात देते.

"आम्ही दोघं २०१५ मध्ये पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, घेऊन इथं आलो. पाच वर्षं राहू, चार पैसे गाठीला बांधू आणि परत जाऊ, असं ठरलं होतं. मुलगा इथंच झाला, आता आठ वर्षांचा आहे. घरही घेतलं. पीआर कार्ड एकदा रिन्यू केलं, आता दुसऱ्यांदा करायची वेळ आलीय. मिस्टर म्हणतात, कार्ड कशाला, सरळ सिटिझनशिपचाच अर्ज करू. फॉर्म भरून तयार आहे, माझ्या हातून पाठवला जात नाही. आई २०२१ च्या मे महिन्यात गेली, तेव्हा विमानं बंद होती, मला पोचता आलं नाही. आप्पा एकटेच असतात. द्राक्षबाग अजून स्वतः बघतात. धाकटी बहीण सांगलीत विश्रामबागला राहते, दवाखाना, औषधं, गडीमाणसं सगळं तीच सांभाळते. मी फोनवर नागरिकत्वाचा विषय काढला तेव्हा आप्पा गप्प बसले. मग म्हणाले, 'मग तू आता पाहुणी.' दुसऱ्या दिवशी म्हणाले, 'तिथं राजाची शपथ घ्यावी लागती म्हणं. आपल्यात कुणी घेतली नाही.' त्यात गावात कुणीतरी सांगितलंय की मी परदेशी झाले की सातबाऱ्यावर माझं नाव लागणार नाही. म्हणून त्याआधी बक्षीसपत्र करून टाकू म्हणतात. ताई, पीआरवरच राहिले तर परतीची वाट उघडी राहील ना? की दहा वर्षं मी स्वतःलाच फसवतेय? कायमचं राहणं म्हणजे नेमकं काय असतं?"

ताई, आधी परतीच्या वाटेचं बोलू, कारण तिथं तुमचा हिशेब उलटा झालाय.

कॅनडाचं पीआर टिकवायचं तर दर पाच वर्षांत किमान ७३० दिवस त्या देशात असावं लागतं. म्हणजे पाचातली तीन वर्षं तुम्ही बाहेर राहू शकता, त्याहून जास्त नाही. आप्पांचं वय बघता उद्या त्यांच्यापाशी दोन महिने नाही, तर तीन-चार वर्षं राहायची वेळ येऊ शकते. अर्धांगवायूचा झटका येतो, खुब्याचं हाड मोडतं, माणूस अंथरुणाला खिळतो आणि किती दिवस ते कुणाला सांगता येत नाही. अशा वेळी पीआरवाल्या लेकीला बापाच्या उशाशी बसून दिवस मोजावे लागतात. नागरिक झालेल्या लेकीला ते मोजावे लागत नाहीत. कॅनडाचा नागरिक कितीही वर्षं बाहेर राहिला तरी त्याचं नागरिकत्व त्या कारणानं जात नाही, आणि ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या मूळच्या भारतीयांना भारत देतो ते) असलं की भारतात राहायला मुदत नाही. तुम्ही ज्याला उघडी वाट समजताय, त्या पीआरनंच तुम्हाला तिथं बांधून ठेवलंय. आप्पांजवळ निर्धास्त येऊन राहायचं असेल तर तुम्हाला नागरिकत्वच जास्त उपयोगी पडेल.

पण दुसरी बाजूही सांगायला हवी. भारत दुहेरी नागरिकत्व देत नाही. कॅनडानं १९७७ पासून ते मान्य केलंय, पण आपला १९५५ चा नागरिकत्व कायदा स्पष्ट आहे. कलम ९ प्रमाणे, स्वेच्छेनं दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपतं. पासपोर्ट परत करून रद्द करून घ्यावा लागतो. ओसीआय म्हणजे नागरिकत्व नव्हे, तो आजन्म व्हिसा आहे. त्यावर मत देता येत नाही, निवडणूक लढवता येत नाही. शिवाय तो व्हिसा असल्यानं सरकारला थांबवताही येतो. २०२० च्या मार्चमध्ये कोविड आला तेव्हा ओसीआयवाल्यांचा विनाव्हिसा प्रवेश स्थगित झाला होता, आणि सवलती मिळाल्या त्या टप्प्याटप्प्यानं. आईच्या वेळचं तुमचं दुःख मला कळतं, म्हणून हे लपवत नाही. अशी वेळ पुन्हा येऊ शकते. मात्र २०२१ मध्ये तुमच्याकडं भारतीय पासपोर्ट होता आणि तरीही तुम्हाला पोचता आलं नाही, हेही खरं. त्यामुळं भारतीय पासपोर्ट हातात असला की अशा वेळी पोचता येतंच, असं धरून चालू नका.

भारतीय नागरिकत्वाचं दारही कायमचं बंद होत नाही. ओसीआय नोंदणीला पाच वर्षं झालेली आणि अर्जाआधी बारा महिने भारतात राहिलेली व्यक्ती पुन्हा इथल्या नागरिकत्वासाठी अर्ज करू शकते. तेव्हा तिथलं सोडावं लागेल, एवढंच.

आता तुमचा मोठा प्रश्न. पत्रातल्या एका परिच्छेदावर तुम्ही स्वतः काहीच भाष्य केलं नाहीये, पण मी तो परत परत वाचला. २०२० च्या १३ जूनला कॅलगरीच्या ईशान्य भागात गारपीट झाली, तुमचं घर त्याच भागात आहे. घराच्या बाहेरच्या पट्ट्यांना भोकं पडली, खिडक्या फुटल्या, गाड्यांच्या काचा गेल्या. शेजारच्या पंजाबी काकांनी रात्रीच प्लायवूड आणून तुमची खिडकी बंद केली. पुढं विमा कंपन्यांशी लोकांचे वाद सुरू झाले, तेव्हा सरकारनं मदत करावी म्हणून निवेदनावर सह्या गोळा करत तुम्ही दारोदार फिरलात, पोट दिसायला लागलेल्या मैत्रिणीला गाडीत बसवून. आणि आप्पांना फोनवर हे सांगितलं तेव्हा त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "गारा किती वेळ पडल्या?" बागायतदाराचाच प्रश्न तो. गारपीट म्हणजे काय हे तासगावच्या माणसाला वेगळं सांगावं लागत नाही. किती मिनिटं हाणलं त्यावर घड किती वाचले ते कळतं.

माझ्या मते, ताई, तुम्ही तिथं स्थायिक झालात ते त्या सह्यांच्या वेळी. जिथं जन्मानं तुमचं कुणीच काही लागत नव्हतं, त्या गल्लीचं नुकसान तुम्ही आपलं मानलंत. परदेशात जाऊन काम करणं, पगार घेणं, घराचे हप्ते फेडणं, हे सगळं पाहुणाही करतो. ती जागा तुमच्याकडं काही मागू शकते आणि तुम्ही ते नाकारत नाही, इथून पुढं वेगळं सुरू होतं. पुढच्या वर्षी २०२१ च्या ऑक्टोबरात तिथं महापालिकेची निवडणूक झाली. ज्या भागासाठी निवेदन घेऊन दारोदार फिरलात तिथल्या कारभाऱ्यांविषयी तुम्हाला मत देता आलं नाही, कारण कॅलगरीच्या अल्बर्टा प्रांतात पालिकेचं मतही फक्त कॅनडाच्या नागरिकालाच आहे. आणि तासगावात? परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकांना २०१० च्या दुरुस्तीनंतर मतदार म्हणून नाव नोंदवता येतं, पण मत द्यायला स्वतः केंद्रावर हजर राहावं लागतं. तुम्ही एकदाही आला नाहीत. म्हणजे गेली दहा वर्षं तुम्हाला ना इथं मत, ना तिथं. कर मात्र तुम्ही भरता, रांगेत उभ्या राहता, शाळेच्या सभेला जाता. कष्ट सगळे आणि आवाज कुठंच नाही, असं आयुष्य एखाद्यानं मर्जीविरुद्ध काढावं. तुम्हाला ते निवडून काढायचं कारण मला दिसत नाही.

"फसवतेय का?" असं विचारलंत. थोडं हो. आणि त्याची किंमत मुलगा देतोय. त्यानं कुत्रं मागितलं, तुम्ही म्हणालात, आपल्याला परत जायचंय, त्याला कुठं ठेवायचं? त्यानं पुन्हा विचारलं, पुन्हा तेच. आता तो विचारतच नाही, असं तुम्ही लिहिलंय. आठ वर्षांच्या पोरानं मागणं सोडलं की मला काळजी वाटते. त्याला जन्मापासून एकच गाव माहीत आहे, आणि तुम्ही रोज थोडं थोडं करून ते तात्पुरतं आहे असं त्याला शिकवताय. तासगावचं मराठी त्याच्याशी बोला, आप्पांशी रोज बोलू द्या, उन्हाळ्यात आणून सोडा, बागेत राबू द्या. पण त्याचं घर त्याच्यापासून काढून घेऊ नका.

तुमच्या शेजारच्या खानापूर-आटपाडीकडं बघा. पाऊस नाही, रान खडकाळ, म्हणून विट्याच्या आसपासच्या गावांतली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईत उतरली. सराफाच्या दुकानातली झाडलोटीची माती घ्यायची, भट्टीला लावायची, तिच्यातला कण न् कण वेगळा काढायचा. जिथं सराफ पेठ तिथं हे गलाईवाले. तमिळनाडू, केरळ, पंजाब, कुठं म्हणून नाहीत? पासपोर्ट लागला नाही, पण भाषा, लिपी, जेवण सगळं परकंच होतं. त्यांच्यातली काही घरं तिसऱ्या पिढीतही अर्धी बॅग बांधून बसल्यासारखी राहतात. कमाई गावाकडच्या बंगल्यात घालतात, तो बंगला वर्षभर कुलपात असतो, जत्रेला आठ दिवस उघडतो, आणि जिथं पोटाला मिळालं त्या गावाला मात्र ती कधी आपलं म्हणत नाहीत. दुसरीही घरं आहेत. त्यांची पोरं तमिळ लिहितात-वाचतात, बायका शेजारच्या लग्नात जेवण वाढायला उभ्या राहतात, पेठेच्या संघटनेत नाव असतं, आणि जत्रेलाही तितक्याच ओढीनं येतात. मी दोन्ही तऱ्हा पाहिल्यात. मला तरी असं दिसलं की दुसऱ्या तऱ्हेची माणसं गावाला जास्त धरून असतात. तिथं त्यांचं काही अडलेलं नसतं, त्यामुळं इथं येऊन ती मोठेपणा मिरवत नाहीत, नुसती येतात आणि सगळ्यांत मिसळतात.

आता आप्पांच्या शपथेचं. "म्हातारा माणूस काहीतरी बोलतो" असं म्हणून ते उडवू नका. आप्पा ज्या भागात वाढले त्या भागात १९४२ च्या सप्टेंबरात तासगावच्या कचेरीवर मोर्चा गेला होता. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारचं कुंडल हाकेच्या अंतरावर आहे. त्या माणसांच्या मांडीवर जी पिढी खेळली तिला लेकीनं इंग्लंडच्या राजाचं नाव घेऊन शपथ घ्यायची म्हणजे लागणारच. शपथेत "कॅनडाचा राजा" असं म्हणतात हे खरं, पण माणूस एकच आहे. आप्पांना शब्दांत गुंडाळू नका. त्यांना पूर्ण शपथ मराठीत वाचून दाखवा. राजाशी निष्ठा आहे, तशीच कायदे आणि राज्यघटना पाळण्याची प्रतिज्ञाही आहे, आणि २०२१ पासून त्यात तिथल्या मूळच्या लोकांच्या हक्कांचा आणि त्यांच्याशी झालेल्या करारांचा उल्लेख आहे. कॅलगरी ज्या जमिनीवर आहे ती १८७७ च्या सातव्या कराराची जमीन. तुम्ही मोकळ्या माळावर घर बांधलेलं नाही, कुणाच्या तरी जमिनीवर बांधलंय, आणि नागरिक झालात की तो इतिहासही तुमच्या अंगावर येतो. माझ्या दृष्टीनं शपथेतला हाच भाग सगळ्यात वजनदार आहे.

आणखी एक गोष्ट आप्पांना जरूर सांगा. ब्रिटिश कोलंबिया प्रांतानं १९०७ मध्ये आपल्या लोकांचा मताचा हक्क काढून घेतला. ते ब्रिटिश साम्राज्याचे प्रजाजन होते, तरी घेतला. १९१४ मध्ये कोमागाता मारू जहाज व्हँकुव्हरला पोचलं, ३७६ प्रवासी, बहुतेक पंजाबी. दोन महिने ते जहाज बंदरात अडवून धरलं आणि थोड्या जणांखेरीज सगळ्यांना परत पाठवलं. कलकत्त्याजवळ बजबजला उतरताना पोलिसांनी गोळ्या घातल्या. तिथं राहून गेलेल्या आपल्या लोकांनी झगडून मताचा हक्क परत मिळवला तो १९४७ मध्ये. इकडं आपण ज्या साम्राज्याशी भांडत होतो त्याच साम्राज्याशी ती माणसं तिकडं भांडत होती. तुम्हाला मिळणारं मत त्यांच्या जिवावर आहे. आप्पांना हे पटेल की नाही हे मला सांगता येणार नाही, पण हे त्यांच्या ओळखीच्या भाषेतलं आहे.

जमिनीचं मात्र लगेच थांबवा. गावात सांगितलेलं चुकीचं आहे. अनिवासी भारतीय असो की ओसीआय, शेतजमीन विकत घेता येत नाही हे बरोबर, पण वारसानं येणारी शेतजमीन दोघांनाही मिळते. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत लेकीचा हक्क लेकाइतकाच आहे, आणि कॅनडाचं नागरिकत्व घेतल्यानं वारसा जात नाही. आप्पांच्या मागं वारसनोंद होईल, फेरफार होईल, सातबाऱ्यावर नाव लागेल. उलट, बक्षीसपत्रातच अडचण आहे. परकीय चलनाच्या नियमांप्रमाणे शेतजमीन अनिवासी व्यक्तीला बक्षीस देता येत नाही. हा नियम ओसीआयला लागू आहे तसाच तुम्हाला आज, भारतीय पासपोर्ट हातात असतानाही लागू आहे. म्हणजे "नागरिकत्वाच्या आधी घाईनं उरकू" म्हणून जे चाललंय तेच नियमबाह्य होईल. आप्पांनी मृत्युपत्र करावं, नोंदवून घ्यावं. पुढं कधी विकायची वेळ आली तर भारतात राहणाऱ्यालाच विकता येईल, आणि महाराष्ट्रात घेणारा शेतकरी लागतो. जमिनीचं उत्पन्न तुमच्याकडं येऊ लागलं तर इथं शेतीवर आयकर नसला तरी तिथं ते दाखवावं लागेल, कारण कॅनडा रहिवाशाच्या सगळ्या जगातल्या कमाईवर कर लावतो. तासगावचा एखादा जाणता दिवाणी वकील गाठून कागद बघून घ्या.

पण मृत्युपत्रात काय असावं, याबद्दल एक बोलायचंय, आणि ते तुम्हाला कदाचित आवडणार नाही. अख्ख्या पत्रात धाकट्या बहिणीला दोन ओळी आल्यात. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची फळछाटणी, मजुरांची जुळवाजुळव, औषधाच्या फवारण्या, व्यापारी बुडवेल ही भीती, बेदाणा करायचा तर शेड आणि सौदे, आणि या सगळ्यात आप्पांची साखर आणि डोळे. विश्रामबागहून उठून ती हे करते. तुम्ही पैसे पाठवत असाल, पण तिची रजा, तिचा संसार, तिच्या पाठीचं दुखणं त्यात भरून निघत नाही. "पाहुणी" हा शब्द आप्पांनी नागरिकत्वावरून काढला असला तरी मला वाटतं त्याची मुळं इथं आहेत. घरातलं ओझं एकीकडं आणि निर्णय दुसरीकडं, असं झालं की लांबची लेक पाहुणी वाटायला लागते, पासपोर्ट कुठलाही असो. बागेत तिचा वाटा जास्त असावा असं तुम्हाला मनापासून वाटत असेल तर ते आप्पांना तुम्हीच सांगा. तिनं मागायची वाट बघू नका, ती मागणार नाही.

तर माझा सल्ला असा. अर्ज करा. पण आप्पांना फोनवर कळवून नव्हे. फळछाटणीच्या दिवसांत या, तेव्हा ते रोज बागेत असतात आणि माणूस कामात असला की बोलतो. बहीण हजर असू दे. तिघांनी बसून आधी आप्पांच्या देखभालीचं ठरवा. बाई ठेवायची की आप्पांनी सांगलीला जायचं, कोण किती महिने जवळ असणार, पैसे कुणी किती द्यायचे. मग जमीन. नागरिकत्वाचं शेवटी. परवानगी मागू नका, तुमचं वय परवानगीचं नाही. "मी तिथं राहणार आहे, आणि तुम्हाला लागेल तेव्हा लागेल तितके दिवस इथं येऊन राहणार आहे," एवढं स्पष्ट सांगा. आजवर तुम्ही त्यांना "पुढच्या वर्षी बघू" एवढंच सांगत आलात. त्या आशेवर ते दहा वर्षं आहेत. ती आशा मोडेल, ते चिडतील, दोन दिवस जेवणार नाहीत. तुम्ही त्या दोन दिवसांत तिथंच असायला हवं.

अर्जासाठी मागच्या पाच वर्षांत तिथं प्रत्यक्ष राहिलेले १०९५ दिवस लागतात, ते तुमचे भरलेलेच असतील, तरी प्रवासाच्या तारखा पासपोर्टवरच्या शिक्क्यांशी ताडून बघा. शपथ झाली की भारतीय पासपोर्टवर प्रवास करायचा नाही, तो गुन्हा होतो. कॅनडाचा पासपोर्ट, मग भारतीय पासपोर्ट रद्द केल्याचा दाखला, मग ओसीआय, या क्रमात काही आठवडे ते काही महिने जातात, आणि त्या मधल्या काळात तुम्हाला व्हिसा लागेल. २०२३ च्या सप्टेंबरात दोन देशांत बिनसलं तेव्हा भारतानं कॅनडाच्या नागरिकांचे व्हिसा थांबवले होते, ओसीआयवाले मात्र येऊ शकत होते. म्हणून आप्पांची तब्येत बरी असताना शपथ घ्या, आणि ओसीआयचा अर्ज एक दिवसही लांबवू नका. मुलाचं ओसीआय काढलेलं नसेल तर ते आत्ताच काढा, त्याला तुमच्या शपथेची वाट बघायची गरज नाही. आणि हे उत्तर वाचून बहिणीला आजच फोन करा, आप्पांच्या आधी.